घोडं तेल खातं

सरांसमोर म्हण वापरायची सोय नव्हती. बोलण्याच्या ओघात आपण सहज म्हणून जावं, "मसुदा तयार आहे सर, पण वरच्या मजल्यावर घोडं पेंड खातंय," की सर चष्मा काढून टेबलावर ठेवायचे. चष्मा टेबलावर आला म्हणजे जेवणाची सुट्टी गेली असं समजायचं. "कोणतं घोडं? आणि पेंड कसली? शेंगदाण्याची, सरकीची की जवसाची?" आणि उत्तराची वाट न बघता, "माहीत नाही ना? मग जे माहीत नाही ते तोंडात कशाला घेता?"

दिल्लीतल्या एका केंद्रीय मंत्रालयाच्या अनुवाद कक्षात ते माझे वरिष्ठ होते. इंग्रजी कागदाचं हिंदी करायचं, एवढंच आमचं काम. सर रत्नागिरीकडचे, मी नागपूरची. म्हणजे दोन मराठी माणसं मिळून भारत सरकारला हिंदी शिकवत होतो. मी रुजू झाले ती कनिष्ठ अनुवादक म्हणून. सरांनी तेच माझं नाव करून टाकलं. "कनिष्ठ, इकडे या." "कनिष्ठ, हा अनुस्वार कुठे हरवला?" पुढे मला बढती मिळाली आणि मी पेढे घेऊन गेले, तेव्हा पेढा तोंडात टाकत म्हणाले, "अभिनंदन, कनिष्ठ. कनिष्ठपणा पदात नसतो, वृत्तीत असतो." दुसरा पेढा मात्र न विचारता उचलला.

नेमका शब्द हे त्यांचं दैवत होतं. एकदा आमच्या इमारतीची लिफ्ट बिघडली आणि तशी सूचना हिंदीत लावायची होती. ‘लिफ्ट बंद है’ असं मी दोन मिनिटांत लिहून दिलं. सर म्हणाले, "बंद म्हणजे काय? दार बंद आहे, की यंत्र बंद आहे, की सेवा बंद आहे?" कोश निघाले, टिपणं झाली, वरून मंजुरी आली. अखेर सूचना छापून लागली तेव्हा लिफ्ट दुरुस्त होऊन सुरळीत चालत होती. पण सूचना इतकी भारदस्त होती की ती वाचून लोक पुढचे कित्येक दिवस जिना चढत राहिले. सरांनी ते भाषेचं सामर्थ्य म्हणून सांगितलं.

घोड्याला तेल पाजण्याचा सिद्धांत त्यांना सुचला तोही या म्हणीतूनच. ते म्हणायचे, "विचार करा. घोडं पेंड खातं म्हणजे अडतं. का अडतं? पेंड म्हणजे तेल काढून घेतल्यावर उरलेला चोथा. तेल आपण खायचं, चोथा घोड्याला घालायचा, आणि वर त्यानं धावावं अशी अपेक्षा करायची! म्हण ओरडून सांगतेय की घोड्याला तेल द्या. तीनशे वर्षं कुणी ऐकलं नाही." मग एक उसासा टाकून, "पानिपत इथून किती लांब आहे, कनिष्ठ? उगाच नाही झालं ते." पानिपतावर आपण कशानं हरलो याची कारणं मी शाळेपासून पुष्कळ ऐकलेली होती. शेंगदाणा तेल हे कारण तिथे प्रथमच ऐकलं.

तोवर सरांनी घोडा जवळून पाहिला होता तो फक्त प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात, तोही पास मिळाला त्या वर्षी.

निवृत्त झाल्यावर ते गुरुग्रामला एका उंच सोसायटीत राहायला गेले. फ्लॅट मुलाचा, मुलगा बंगळुरूला. सोसायटीत सगळे कंपन्यांत जाणारे, कानात यंत्रं घालून स्वतःशीच इंग्रजी बोलत फिरणारे. सरांचं ऐकायला तिथे कुणी नव्हतं. सुरक्षारक्षक काही दिवस ऐकत होता, मग त्यानं रात्रपाळी मागून घेतली. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ऐकत नव्हत्या. अशा बेवारशी अवस्थेत सकाळी फिरायला गेलेले सर सोसायटीमागच्या एका फार्महाऊसपाशी पोचले. तिथे तबेला होता. मालकाला सगळे चौधरी म्हणत. सोसायटीतल्या मुलांना घोड्यावर बसायला शिकवणं आणि लग्नात नवरदेवासाठी पांढऱ्या घोड्या देणं, हा त्याचा धंदा.

दिल्लीकडे नवरदेव घोडीवरूनच जातो, आणि घोडी पांढरीच लागते. चौधरीच्या घोड्यांत एक म्हातारी होत आलेली होती. रंग अजून दुधासारखा, पण अंगावर मांस नाही. बरगड्या लांबून दिसत. चौधरी सरांना म्हणाला, "मास्टरजी, देवउठनी तक भर गई तो ठीक. ना भरी तो भट्ठे पै भेज दूँगा." देवउठनी म्हणजे आपली कार्तिकी एकादशी. तिथून लग्नं सुरू होतात. आणि भट्ठा म्हणजे विटांचा. विटांच्या गाडीला जुंपलेलं म्हातारं जनावर किती दिवस काढतं, हे सांगायला कोश लागत नाही.

सरांनी त्याच दिवशी घोडी दत्तक घेतल्याचं मला फोनवर कळवलं. चौधरी तिला रानी म्हणे. सरांनी नाव ठेवलं धवला. "रानी हा शब्द घोडीला लावणं अर्थाच्या दृष्टीनं सैल आहे." आम्हा हाताखालच्यांना जन्मभर दरडावणारा हा माणूस त्या घोडीशी ‘आपण’ म्हणून बोलायचा. "धवलाबाई, आपण आज कोंडा शिल्लक ठेवलात. का बरं?" घोडी शांतपणे ऐकून घ्यायची. कान हलवायची, मधूनच फुरफुरायची. सरांना याहून चांगला श्रोता मंत्रालयात कधी लाभला नव्हता. ते तिला व्याकरण सांगत, पानिपत सांगत, मुलाचा फोन आला नाही हेसुद्धा सांगत. मी एकदा सुट्टीच्या दिवशी माझ्या घरून, आर. के. पुरमहून, मुद्दाम बघायला गेले, तर सर तिच्या मानेवर हात ठेवून ‘अनुग्रह’ आणि ‘आग्रह’ यांतला फरक समजावत होते. मला हसू आवरेना, पण घोडी हसली नाही, हे खरं.

आणि तेल. काय सांगू त्या तेलाचं! सगळी तेलं क्रमानं झाली. तीळ झालं, करडई झाली, सूर्यफूल झालं. सोयाबीनच्या तेलाला घोडीनं वास घेऊन मान फिरवली, तर सर म्हणाले, "जाण आहे तिला." सोयाबीन पिकवणाऱ्या विदर्भाची मी समोर उभी होते. शेवटी घाण्याचं शेंगदाणा तेल धवलाबाईंच्या पसंतीस उतरलं. ते सर कोंड्यात आणि गुळात कालवून स्वतःच्या हातानं भरवत, आधी थोडं, मग हळूहळू जास्त. दाण्यानं घोडं तापतं आणि तेलानं भरतं, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत.

घरात मात्र उलटं राज्य होतं. डॉक्टरांनी कधीतरी सरांना तेल कमी करा म्हटलं होतं. सरांनी ते काकूंचं कमी केलं. काकूंच्या स्वयंपाकघरात फोडणीला चमचा मोजून, तळण वर्ज्य, भाज्या उकडलेल्या. मी जेवायला गेले की काकू पांढरीफटक दुधीची भाजी वाढून म्हणायच्या, "घे बाई. घोडीला पळी पळी आणि मला थेंब थेंब." खोलीच्या कोपऱ्यात घाण्याच्या तेलाचे डबे उभे. काकू त्यांच्याकडे पाहत म्हणायच्या, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. व्याही तरी कुठे आहे मला?" सर आतून ओरडत, "म्हण अपूर्ण वापरू नका!" काकू म्हणायच्या, "पुरीच वापरली. ऐकू कमी येतंय तुम्हाला."

पण कबूल करायला हवं, घोडी सुधारत होती. पाऊस संपेस्तोवर बरगड्या मिटू लागल्या. पाठीवरचा केस चमकायला लागला. चौधरीसुद्धा एकदा कमरेवर हात ठेवून बघत उभा राहिला आणि "चीज़ बण री है" म्हणाला. सरांनी त्या वाक्याला व्याकरणासह क्षमा केली.

तबेल्यात घोडीची देखभाल करणारा सईस होता, लल्लन नावाचा. बिहारात छपऱ्याकडचा, मिशांना कलप लावणारा, अर्धा दिवस खाटेवर. घोड्याला सर्दी झाली तर बिअर पाजावी आणि नजर लागली तर शेपटीला लिंबू बांधावं, हे त्याचं शास्त्र. सरांचं आणि त्याचं पटत नसे, कारण दोघांनाही दुसऱ्याला काही कळत नाही याची खात्री होती. पण लल्लनला एका गोष्टीचा फार अभिमान होता. त्याला वाचता येत असे. फळ्या, पाट्या, औषधांच्या बाटल्या, तो मोठ्यानं अक्षर अक्षर लावून वाचायचा आणि वाचलं ते तंतोतंत करायचा.

पाऊस सरता सरता घोडीच्या अंगाला खाज सुटली. माश्या बसायला लागल्या. सरांनी रत्नागिरीहून बहिणीकडून उंडीचं तेल मागवलं. किनाऱ्यावर उंडीची झाडं असतात, त्यांच्या बियांचं हे तेल. जाड, हिरवट काळं, उग्र वासाचं. कोकणात ते दिव्याला घालतात, होडीच्या लाकडाला लावतात, गुराच्या कातडीला चोळतात. तोंडात कुणी घेत नाही, कारण विषारी असतं. त्याला तिकडे म्हणतात कडू तेल. आणि खायचं ते गोडं तेल. हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

त्याच सुमारास सरांना ताप भरला. हातापायांचे सांधे धरले, उठवेना. तबेल्यात जाणं बंद. मग त्यांनी अंथरुणात बसून दोन पांढऱ्या कागदांवर आपल्या सुंदर, वळणदार अक्षरात लिहिलं. एका डब्यावर चिकटवायला ‘गोडं तेल’, दुसऱ्यावर चिकटवायला ‘कडू तेल’. मी बघायला गेले होते, डबे पोचवायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. मी म्हटलं, "सर, हिंदीत लिहा ना. खाने का, लगाने का. लल्लनला कळायला नको?"

"कनिष्ठ," तापातही त्यांनी चष्मा काढला. "नोकरीभर हिंदी लिहिली. निवृत्तीच्या दिवशी मी शपथ घेतलीय, आता मराठीशिवाय एक अक्षर लिहिणार नाही. लिपी एकच आहे. गोड आणि कडू हे काय अवघड शब्द आहेत? गोड ते पोटात, कडू ते अंगाला. जनावरालाही कळेल."

"माझ्या मुलीला नाही कळत सर. दिल्लीत वाढलीय. गोडं तेल म्हटलं तर विचारते, साखर घालतात का म्हणून."

"तो तुमच्या घरच्या संस्कारांचा प्रश्न आहे," सर म्हणाले आणि पांघरूण ओढून घेतलं. मी डबे तबेल्यात नेऊन दिले. लल्लननं दोन्ही कागद मोठ्यानं वाचले आणि म्हणाला, "समझ गए. एकदम साफ लिखा है साहब ने."

सर बरे झाले ते आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी फराळाच्या सुमारास. पहाडगंजातल्या एका हॉलमध्ये दुपारी कार्यक्रम होता आणि त्यात सरांचं व्याख्यान. विषय, नेमका शब्द. तबेल्यात अजून पाऊल टाकलं नव्हतं, पण व्याख्यानाला रेशमी झब्बा घालून आले. मी पहिल्या रांगेत. सर रंगात आले. "शब्द म्हणजे तराजू. पारडं गुंजभर चुकलं तरी..." आणि त्यांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो न बघता बंद केला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला, पुन्हा बंद केला. तिसऱ्यांदा त्यांनी फोन बाहेर काढून नाव पाहिलं. मीही पाहिलं, इतकी जवळ होते. लल्लनचा होता. सरांनी फोन टेबलावर उपडा ठेवला आणि पारडं पूर्ण केलं. मग तलवारीचं उदाहरण दिलं, मग औषधाच्या मात्रेचं दिलं. टाळ्या घेतल्या, शाल घेतली, नारळ घेतला. आणि मग फोन लावला.

पलीकडून लल्लन रडत होता. घोडी सकाळपासून लोळत होती.

आम्ही टॅक्सीनं गुरुग्रामला निघालो. धौला कुआँपाशी गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या, फटाक्यांच्या धुरानं दुपारीच दिवे लागलेले. मला भयंकर राग आला होता. वाटत होतं विचारावं, सर, तलवारीचं उदाहरण गाळलं असतं तर काय बिघडलं असतं? पण त्यांच्या मांडीवर तो नारळ होता आणि तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ते समोर बघत होते. मी ड्रायव्हरला दुसऱ्या रस्त्यानं घ्यायला सांगितलं.

धवला आडवी पडली होती. घामानं भिजलेली, पोट ताठलेलं, मान वळवून वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत होती. तोंडाला हिरवट फेस होता. आणि तिचे चारही पाय, गुडघ्यापासून खुरापर्यंत, आरशासारखे चमकत होते.

"क्या किया तूने?" सर लल्लनच्या अंगावर धावले.

"हम का किए साहब? जो आप लिखे थे वही किए!" लल्लननं डबे आणून समोर ठेवले आणि कागदावर बोट ठेवून वाचून दाखवलं. "ई देखिए. गोडं तेल. त गोड़ में लगाए. रोज, दुन्नो टाइम मालिस किए. अउर ई, कडू तेल. करुआ तेल. त पिला दिए. रोज मुँह फेर लेती थी, त आज भोरे बाँस की नली से पिलाए. हम सोचे साहब तेल बदल दिए. आपका हुकुम था."

छपऱ्याकडे गोड़ म्हणजे पाय. आणि करुआ तेल म्हणजे मोहरीचं, जे तिकडे माणसं रोज खातात आणि जनावरांना हौसेनं पाजतात. सरांच्या सुंदर अक्षरातली दोन्ही लेबलं लल्लननं अक्षर न् अक्षर पाळली होती. घाण्याचं उत्तम शेंगदाणा तेल पायांना आणि दिव्याचं तेल पोटात. सरांच्या लेखी आदेशाचं एवढं काटेकोर पालन मंत्रालयातही कुणी केलं नसेल.

तेवढ्यात चौधरीनं बोलावलेली जनावरांची डॉक्टर आली. तरुण हरयाणवी बाई, स्कूटरवरून. आल्या आल्या घोडीच्या हिरड्या पाहिल्या, पोटाला नळी लावून ऐकलं. "क्या खिलाया है?"

"करुआ तेल, मैडम," लल्लन म्हणाला.

"सरसों का? उससे इतना नहीं होता."

"सरसों नहीं!" सर मध्ये पडले. "कडू तेल. उंडी का."

"अरंडी?" डॉक्टरीणबाईंचा चेहरा सैल झाला. "तो जुलाब लगेंगे, उतर जाएगा अपने आप. कल देख लेंगे." त्यांनी बॅगेची चेन ओढायला घेतली. अरंडी म्हणजे एरंडेल.

"अरंडी नहीं, उंडी! आदि में उकार है, उस पर अनुस्वार." सर हवेत बोटानं अक्षर काढू लागले. "संस्कृत में पुन्नाग. पुन्नाग के बीजों से निष्कासित स्निग्ध द्रव्य, जो अखाद्य की श्रेणी में..."

"अंकल," ती बाई वैतागून म्हणाली, "हिंदी में बोलिए ना."

नोकरीभर भारत सरकारचं हिंदी ज्यांनी घडवलं त्या माणसाला हे ऐकावं लागलं. एरवी मी हे वाक्य कक्षभर मिरवलं असतं. पण सरांनी हवेतलं बोट खाली घेतलं आणि घोडीकडे पाहिलं. खाली घोडी कण्हली. एवढ्या मोठ्या जनावराच्या तोंडून तो आवाज फार बारीक आला.

"ज़हर है," सर म्हणाले. "दीया जलाने का तेल है. इसके पेट में ज़हर है, मैडम. मैंने लिखा था. जल्दी कीजिए."

"तो पहले बोलना था!" डॉक्टरीणबाईंनी बॅग पुन्हा उघडली. सरांच्या तोंडून सरळ, साधं, बिनकोशाचं हिंदी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

घोडीला कसंबसं उभं केलं. नाकातून लांबच लांब नळी पोटापर्यंत घालायची होती, पाणी सोडून पोट धुवायचं होतं, वर कोळशाची पूड पाजायची होती. डोकं कुणीतरी घट्ट धरून ठेवायला हवं होतं. लल्लन पुढे झाला, तर सरांनी त्याला हातानं मागे सारलं. "मी धरणार. ती माझं ऐकते." रेशमी झब्ब्यातल्या त्या माणसानं घोडीचं डोकं छातीशी आवळून धरलं. ती झटके देत होती, डोळे पांढरे करत होती, नाकातून रक्त येत होतं, आणि सर एकसारखे तिच्या कानात बोलत होते. "धवलाबाई, आपण जरा सोसा. झालंच. आपण शहाण्या आहात." तिन्हीसांजेला ती आपल्या पायांवर उभी राहून थोडं पाणी प्यायली. लल्लन शेजारी बसून सवयीनं तिचे पाय चोळत होता.

घोडी वाचली. पण सरांनी पावसाळाभर चढवलेलं सगळं मांस त्या आठवड्यात उतरलं. बरगड्या पुन्हा जशाच्या तशा. एकादशी तोंडावर आलेली. चौधरी बघून गेला आणि म्हणाला, "रहण दो मास्टरजी. गाड़ी वाले से बात हो ली." विटांच्या भट्टीवाला एकादशीच्या दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होता. सरांनी जेवण टाकलं. काकूंनी मला फोन करून सांगितलं, "दुधी खात नाहीत याचं मी समजू शकते गं, पण आज मी न विचारता भजी तळली, घोडीच्याच तेलात. तीही नको म्हणाले."

एकादशीच्या दिवशी दिल्लीत आणि गुरुग्रामात जिकडे बघावं तिकडे लग्नं. चौधरीच्या घोड्यांवर आधीच दोन दोन वरातींची बोलणी झालेली, आणि दुपारी आणखी एका नवरदेवाचा बाप येऊन अडून बसला. उरली होती ती धवला. चौधरीनं जरा विचार केला आणि तिच्या अंगावर जरीची झूल टाकली. मोठी झूल, गळ्यापासून शेपटीपर्यंत, खाली गुडघ्यांपर्यंत लोंबणारी, आरसे लावलेली. वर फुलांचा मोहरा, कलगी. झुलीखाली बाहेर राहिलं काय, तर चार पाय. रोज दोन्ही वेळा घाण्याच्या तेलानं चोळलेले, शंखासारखे झळझळणारे चार पाय. नवरदेवाचा बाप म्हणाला, "भाई वाह! टाँगें देखो! यही चाहिए." वरातीतच त्याच्या नात्यातल्या दोघांनी पुढच्या आठवड्यासाठी हीच घोडी मागितली. भट्टीवाला रिकाम्या हातानं परत गेला.

सर मला घेऊन चौधरीकडे गेले, तर तो खळखळून हसला. "झूल के नीचे पसली कौण गिणै है, मास्टरजी?" म्हणजे पावसाळाभर भरवलेलं तेल, ती तेलांची तुलना, ते प्रयोग, कशाचीच गरज नव्हती. घोडीच्या अंगावर मांस असो नसो, वरातीत ते दिसत नाही. सरांनी यातूनही मार्ग काढला. परत चालता चालता म्हणाले, "सिद्धांत टिकला, कनिष्ठ. तेलानंच वाचली. सेवनमार्ग वेगळा होता, इतकंच." काकूंनी "गंगेत घोडं न्हालं एकदाचं" म्हणून हात जोडले आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघरातला मोजायचा चमचा कुठे गेला तो गेलाच.

सर आता दिल्लीत नाहीत, मुलानं त्यांना बंगळुरूला नेलं. त्यांची आठवण काढून मी अजूनही कक्षात सगळ्यांना हसवते. लिफ्ट सांगते, उंडी-अरंडी सांगते, "हिंदी में बोलिए ना" तर नक्कल करून सांगते. पण पुढचं सहसा सांगत नाही.

घोडी त्यांच्या हातचं खाईना. दवापाण्यानंतर सर पहिल्यांदा कोंड्याचं घमेलं घेऊन गेले, तर तिनं कान मागे पाडले आणि त्यांच्याकडे पाठ केली. घोडीला काय कळणार लेबलं! तिच्या लक्षात राहिलं होतं ते तिचं डोकं आवळून धरणारी छाती आणि कानाशी चाललेला तो आवाज. विष पाजणारा लल्लन मात्र रोज पाय चोळून देत होता. तो दिसला की ती फुरफुरत त्याच्या काखेत तोंड घालायची. मला संताप आला. इतका अन्याय! सर म्हणाले, "तिचा दोष नाही. डोकं मीच धरलं होतं." आणि तरी रोज सकाळी घमेलं कालवून न्यायचे, तिला भरायला हवं म्हणून.

त्या थंडीत एका सकाळी मी त्यांच्याबरोबर होते. धुकं इतकं की तबेला चार हातांवरून दिसेना. सरांनी घमेलं माझ्या हातात दिलं. "कनिष्ठ, तुम्ही द्या. मी भिंतीमागे थांबतो. माझा आवाज ऐकला तर ती तोंड लावणार नाही."

आयुष्यात कधी गप्प न बसलेला तो माणूस भिंतीला टेकून, मफलर तोंडावर धरून, खोकलासुद्धा गिळून उभा राहिला. मी आत गेले. घोडीनं माझा हात हुंगला आणि शेवटच्या कणापर्यंत सगळं खाल्लं. मी रिकामं घमेलं घेऊन बाहेर आले. सरांनी ते हातात घेऊन तळाशी बोट फिरवून पाहिलं, आणि मला तिथून लांब, पार फाटकापर्यंत नेलं, आवाज आत जाऊ नये म्हणून.

"काही म्हणाली?" त्यांनी विचारलं.

थट्टा करतायत असं वाटून मी हसत त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते.